बत्तीस चौकटींतले डूल

चौकटराव हे नाव गल्लीने ठेवलं खरं, पण ते त्यांनी जन्मभर खपून कमावलं होतं. तीस वर्षं कापडगिरणीत आलेखाच्या कागदावर चौकटी रंगवून काठांचे नमुने काढले. तरुणपणी एकदा मुलगी पाहायला गेले आणि तिच्या घरच्या फरशा मोजून परत आले. फरशा एकशे बारा होत्या. मुलगी कशी होती, ते त्यांना आजतागायत सांगता आलेलं नाही. लग्न राहिलंच. थोरला भाऊ गेल्यावर वहिनींच्या सोबतीला राहिले, आणि दोघं दिवसभर भांडून एकमेकांची करमणूक करू लागले.

मग वहिनींना झटका आला. हातपाय सावरले, जीभ तर आणखी धारदार झाली. फक्त अक्षरं ओळखू येईनाशी झाली. लेकीला फोन लावायचा तरी भाऊजींना हाक मारायची.

"माझ्याच लेकीशी बोलायला मला तुमची परवानगी!" असं म्हणून त्या तोंड फिरवत. ते चौकटरावांच्या मनाला लागलं.

त्यांनी बेत केला. घरातल्या जुन्या संगणकावर प्रत्येकाचं एक चित्र ठेवायचं. त्यावर टिचकी मारली की फोन लागेल. पण मोबाइलमधले फोटो नव्या जातीच्या फाइलींत येत, आणि हा म्हातारा संगणक फक्त आयकॉनची फाइल घेई: बत्तीस चौकटी रुंद, बत्तीस उंच. फोटोचा आयकॉन करून देणारा एक प्रोग्राम त्यांनी शोधला आणि एका दुपारी सगळं गणगोत त्यातून पिळून काढलं.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी लेकीला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "शेवटी आली ना आठवण!"

त्या विहीणबाई होत्या, लेकीच्या सासूबाई. वहिनींनी नातवाला विणलेल्या स्वेटरची एक बाही लांब आहे, असं त्या म्हणाल्या होत्या. तेव्हापासून दोन वर्षं दोघींचा अबोला.

"चुकून लागला," असं म्हणून वहिनींनी फोन ठेवला. चाळीस मिनिटांनी!

मग मोर्चा इकडे वळला. "भाऊजी, काय करून ठेवलंत हे? माझी लेक आणि ती बया, दोघी हिरव्या!"

चौकटरावांनी चष्मा पुसून पाहिलं. दोन्ही फोटो लेकीच्या घरच्या हिरव्या सोफ्यावरचे. बारीक झाल्यावर सोफा तेवढा उरला, माणसं विरघळली. ते ओशाळले. गिरणीत नवशिक्यांना तीस वर्षं हेच तर ओरडून सांगितलं होतं, की सगळं कोंबू नका, ओळखीची एकच खूण घ्या!

त्यांनी आलेखाचा कागद काढला. चार दिवस चौकटी भरल्या, मग त्या तशाच संगणकावर उतरवल्या. लेकीचा लाल चष्मा. विहीणबाईंचे लोंबते डूल, एकेकाला सहा पिवळ्या चौकटी. वहिनींच्या बहिणीचा अंबाडा.

बहीण रुसली. "म्हणजे मी नुसता अंबाडाच का?"

"बत्तीस चौकटींत तेवढाच मावला हो. बाकीच्या तुम्ही बाहेर उरलात."

वहिनींनी लाल चष्म्यावर टिचकी मारली.

"आई? काका आहेत का जवळ?"

"कोणी नाहीये. माझी मी लावला."

काका दाराआड उभे राहून तिथल्या त्याच त्या फरशा पुन्हा पुन्हा मोजत होते, आणि आकडा काही केल्या जुळत नव्हता.

तीन दिवस लेक झाली, बहीण झाली. चौथ्या दिवशी वहिनी त्यांच्या खुर्चीभोवती घुटमळू लागल्या.

"ते डूल फार स्पष्ट दिसतात हो."

"दिसायलाच हवेत."

"मग आता चुकून कसा लागायचा?"

चौकटरावांनी एकदा वहिनींकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. चार दिवसांची मेहनत! निमूटपणे त्यांनी डूल काढले आणि तो हिरवा गिचमिडकाला परत बसवला.

अकरा वाजता वहिनींची चूक झाली. ती बाराला पाच कमी असताना संपली.