चौदा पोचपावत्या

...तर बँकेच्या खिडकीपर्यंत आलो होतो आपण. श्रीपादराव पोतनीस रांगेत उभे राहून राहून एकदाचे खिडकीशी पोचले आणि त्यांनी चेक आत सरकवला. चेक त्यांच्या बहिणीचा, वसुंधराबाईंचा. सुदामा नगरातल्या तिच्या घराचं छत खोलून नवं करायचं होतं आणि मिस्त्री आगाऊ रक्कम मागत होता. खातं भावाबहिणीचं जोडीचं. मल्हारगंजातली वडिलांची जागा विकली तेव्हा तिच्या वाट्याचे पैसे तिनं दादाच्या भरवशावर तिथंच ठेवले होते. पासबुकसुद्धा कधी मागितलं नाही.

आत समीर म्हणून कॅशियर होता, त्यानं स्क्रीनकडे पाहिलं, मग श्रीपादरावांकडे. "काकाजी, खात्यावर होल्ड आहे. जीएसटीचा लेटर आलाय. एक रुपया पण नाही निघणार."

श्रीपादरावांना वाटलं, नावात घोळ झाला असेल. त्यांनी आपलं नाव नीट, सावकाश, वडिलांच्या नावासकट सांगितलं. समीरनं बिचाऱ्यानं ते ऐकून घेतलं आणि पत्राची प्रत काढून दिली. थकलेल्या कराची रक्कम पावणेपाच लाख.

आता हा माणूस कसा होता ते सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. गंमत तरी कसली म्हणा. पोतनिसांचे पणजोबा होळकरांच्या दफ्तरात लेखनिक होते. त्यांची बोरूची पेटी श्रीपादरावांच्या घरी अजून आहे आणि दसऱ्याला तिची पूजा होते. श्रीपादराव स्वतः कॉलेजच्या ऑफिसात छत्तीस वर्षं होते, अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. अक्षर असं, की प्राचार्य लग्नपत्रिकांचे पत्तेसुद्धा त्यांच्याकडून लिहून घ्यायचे. आणि त्यांचा एक नेम होता. सरकारचा कागद आला की आठ दिवसांच्या आत शाईनं, हिंदीत लिहिलेलं उत्तर रजिस्टर पोस्टानं जायचं. वर संदर्भ, खाली 'आपका विनीत', कार्बनची प्रत फाइलला, आणि पोचपावतीचं कार्ड शिक्का होऊन परत आलं की ते प्रतीला टाचायचं. कार्ड टाचलं की श्रीपादरावांच्या लेखी ते काम निकालात निघालं.

निवृत्तीनंतर हौस म्हणून त्यांनी मल्हारगंजात एक खोलीएवढं दुकान काढलं. रजिस्टरं, उत्तरपत्रिका, जुन्या पुस्तकांची बांधणी. एका शाळेनं बिलावर जीएसटी नंबर मागितला, तेव्हा मुलानं, प्रणवनं, पुण्याहून सुटीत येऊन नंबर काढून दिला, फोनवर ईमेल लावून दिला आणि तो परत गेला. चार वर्षं दुकान चाललं. मग शाळा माल थेट मागवू लागली. श्रीपादरावांनी पाटी उतरवली आणि जीएसटीच्या कचेरीला दोन पानी पत्र लिहिलं, की दुकान आजपासून बंद केलं आहे, कळावे. कार्ड शिक्का होऊन आलं, टाचलं. संपलं.

संपलं कुठलं. नंबर पोर्टलवर रद्द करायचा असतो, पत्रानं होत नाही. नंबर जिवंत, आणि दर महिन्याचं विवरण कोरं का होईना भरायचं, ते भरलं जाईना. ईमेलवर नोटिसा येऊ लागल्या. श्रीपादराव चौकातल्या सायबरवाल्याकडून त्या छापून घ्यायचे, वाचायचे आणि उत्तर लिहायचे. शाईनं. शेवटी नियमाप्रमाणे अंदाजानं विक्री धरून कर ठरला, त्यावर व्याज, त्यावर दंड. त्या आदेशालाही श्रीपादरावांनी तीन पानी उत्तर धाडलं. सगळी मिळून चौदा पत्रं. चौदा कार्डं परत आली.

मधे एकदा त्यांना वाट दाखवणारं भेटलं होतं, ते सांगायला हवं. कॉलेजातले त्यांचे जुने सहकारी अप्पासाहेब, त्यांची पंचाहत्तरी होती. अप्पासाहेबांची मुलगी शलाका कराची वकिली करते, राजेंद्र नगरात ऑफिस आहे. लहानपणी तिला अर्ज कसा लिहायचा ते श्रीपादरावांनीच शिकवलेलं. जेवणाच्या पंक्तीत विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, काका, ते कागद एकदा मला दाखवा, ही उत्तरं पोर्टलवर द्यावी लागतात. श्रीपादराव हसले आणि तिला म्हणाले, तू अजून जन्मायची होतीस तेव्हापासून मी सरकारशी पत्रव्यवहार करतोय. पंक्तीतले सगळे हसले. शलाकाही हसली. याला दोन वर्षं झाली.

श्रीपादराव बँकेतून घरी आल्यावर त्यांच्या पत्नी यशोधराबाई म्हणाल्या, आधी शलाकाकडे जा, मग वसूकडे जा. शलाकाकडे जायला श्रीपादराव तयार झाले. वसूला मात्र पत्र लिहून सगळं नीट समजावतो म्हणाले. यशोधराबाई पोळी लाटता लाटता थांबल्या. "वीस मिनिटांवर बहीण राहते. तिलाही रजिस्टरीनं कळवणार का?"

शलाकानं फाइल उघडली आणि पानामागून पान वाचत गेली. मधेच म्हणाली, काका, काय सुंदर आहे हो हे. श्रीपादरावांना बरं वाटलं. दोन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. मग ती आदेशावरच्या पत्राशी थांबली. त्याच्या माथ्यावर लाल शाईनं अधोरेखित केलेलं होतं: 'संदर्भ: आपका आदेश, जो मुझे ईमेल से प्राप्त हुआ.'

तिनं समजावून सांगितलं. अपिलाची मुदत तीन महिने, फार तर चार. आदेशाला सव्वा वर्ष झालं. अशा वेळी पुष्कळदा खरंच माणसाला आदेश कळलेला नसतो, आणि कोर्टाला तेवढं सांगता येतं.

"तुम्हाला कळला होता, काका. तुम्ही तसं लिहून दिलंय. इतक्या छान अक्षरात, की नाही म्हणायची सोय नाही."

श्रीपादरावांनी विचारलं, मग हे पत्र बाजूला ठेवलं तर. विचारल्यावर त्यांनाच लाज वाटली. शलाकानं मान हलवली. तिकडे आवक रजिस्टरात ते आहे, आणि नसतं तरी तिनं ठेवलं नसतं. ती म्हणाली, आपण खरं तेच सांगू. सगळी कोरी विवरणं भरू, उच्च न्यायालयात अर्ज करू, की दुकान बंद होतं आणि हा माणूस लपत नव्हता, रस्ता चुकून का होईना, सारखा दार ठोठावत होता. त्याला ही चौदा कार्डंच उपयोगी पडतील. होईल काहीतरी. पण महिने लागतील, आणि थोडी रक्कम आधी भरावी लागेल. वसुंधरा आत्यांचा वाटा त्यांचा आहे, तो सोडा, असा वेगळा अर्ज आत्ताच लावता येईल. त्याला त्यांचं शपथपत्र पाहिजे. त्यांच्या सहीनं.

"पोस्टानं नको," ती म्हणाली. "तुम्ही स्वतः घेऊन जा."

रविवारी सकाळी श्रीपादराव सुदामा नगरात गेले. बहिणीकडे जाताना पाव किलो लवंगेची शेव न्यायची त्यांची जुनी रीत, ती नेली. वसुंधराबाईंनी दार उघडलं. आत पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणलेला होता आणि भिंतीच्या कडेला प्लास्टर गळून पडलेलं होतं. मिस्त्री उद्या येतोय, त्या म्हणाल्या, चेक वटला ना रे.

श्रीपादरावांनी सांगायला सुरुवात केली ती पंचाहत्तरीच्या जेवणापासून. मग मागे दुकानाकडे गेले, मग एकदम बँकेत आले. आयुष्यभर मुद्देसूद लिहिणारा माणूस, पण त्या दिवशी एक वाक्य धड जागेवर बसेना. वसुंधराबाईंनी त्यांच्या हातातून कागद घेतला. शपथपत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि जिथं शलाकानं पेन्सिलीनं खूण केली होती तिथं सही केली. मग आत जाऊन मिस्त्रीला फोन करून नको म्हणून सांगितलं. परत येऊन पलंगावर बसल्या. शेवेची पुडी अजून तशीच होती.

"दादा, पैशाचं मी विचारत नाही. शलाका तेव्हा आपणहून म्हणाली होती ना, कागद दाखवा म्हणून? का नाही दाखवलेस?"

श्रीपादरावांनी त्या प्लास्टर पडलेल्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले,

"वसू, मला वाटायचं, इतकं नीट लिहिलंय, तर कोणीतरी वाचून उत्तर देईलच."