घाड्याने दिलेला शब्द

मधुकर घाडी जन्मात कधी मोटारसायकलवर पुढे बसला नाही. मागे बसला तरी चालवणाऱ्याच्या कमरेला अशी मिठी मारायचा की त्या बिचाऱ्याला धड वळताही यायचं नाही. आणि तरी नाहूर-भांडुपच्या पट्ट्यात मोटारसायकलींच्या शर्यतींचं याच्याइतकं वेड दुसऱ्या कोणाला नव्हतं. वय पन्नाशीला टेकलेलं. गिरणीतली नोकरी संपात गेली ती गेलीच. आता आग्रा रोडच्या कडेला एका टपरीत बसून तो गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवायचा, आणि दिवाळीच्या पणत्या विझल्या न विझल्या की पहिल्या शर्यतीचे वेध लागल्यासारखा येरझाऱ्या घालायचा. त्याची बायको जयंती म्हणायची, "माका बघूक इल्ले तेव्हा पण ह्यांका येवढी घाई नव्हती."

शर्यती व्हायच्या ठाण्याच्या बाजूला, एका बंद कारखान्यामागच्या माळावर. मातीची वळणं, मध्ये मध्ये उंचवटे, त्यांवरून गाड्या उडायच्या आणि धुरळ्यात गडप व्हायच्या. पावसाळा सोडून सीझन चालायचा. पहिली शर्यत डिसेंबरात, शेवटची मेमध्ये. बोरीवलीहून, मुलुंडहून पोरं यायची. पण सगळ्यांत जास्त आरडाओरडा असायचा तो नाहूरच्या 'अकरा नंबरवाल्यां'चा. अकरा नंबर म्हणजे नंदूची येझदी.

नंदू हा सीतारामचा मुलगा, आणि सीताराम म्हणजे मधुकरचा गिरणीतला जोडीदार. संपाच्या दुसऱ्या वर्षी छातीत कळ येऊन सीताराम गेला. मागे बायको रुक्मिणी आणि दोन मुलगे, नंदू आणि धाकू. नंदू मुलुंडच्या एका गॅरेजात मेकॅनिक झाला, भंगारातून उचललेली येझदी त्याने उभी केली आणि शर्यतीत घातली. तिच्या पुढच्या पाटीवर पांढऱ्यावर लाल अकरा आकडा मधुकरने काढला होता. आपला मुलगा चंदूसुद्धा नंदूच्या हाताखाली गाडी शिकला, याचाही त्याला कोण अभिमान.

पण मधुकरचा खरा मान आकडा काढण्यात नव्हता, गाऱ्हाणं घालण्यात होता. कोकणातल्या गावात घाडी म्हणजे देवापुढे सगळ्या गावाच्या वतीने बोलणारा माणूस. तो बोलतो, आणि गाव नुसतं 'व्हय म्हाराजा' म्हणतं. एकदा घाड्याच्या तोंडून निघालं की ते सगळ्यांचं बोलणं झालं, मागाहून कोणी कानावर हात ठेवू शकत नाही. मधुकरच्या घराण्याकडे ते काम पिढ्यान् पिढ्या होतं. मुंबईत त्याला कोण विचारणार? म्हणून गड्याने ते शर्यतीत आणलं. दर सीझनच्या पहिल्या दिवशी अकरा नंबरच्या चाकापुढे नारळ धरायचा आणि सुरू व्हायचा:

"बा देवा म्हाराजा! ह्यो तुझो नंदू आज मातयेत गाडी घालता, तेका राखणदार हो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि त्या बोरीवलीवाल्याची चेन अर्ध्यावर तुटांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पोरं हसून हसून लोळायची. मधुकर मात्र हसायचा नाही. अर्धी थट्टा होती, पण उरलेली अर्धी नव्हती.

मेमधल्या शेवटच्या शर्यतीत नंदू वळणावर पडला आणि मागून येणाऱ्या गाडीला थांबता आलं नाही. एवढंच. माळावरून त्याला टेम्पोत घातलं तेव्हाच तो गेलेला होता. रुक्मिणीला सांगायला मधुकरच गेला. ती मुलुंडला दोन-तीन घरच्या पोळ्या करायची. नुकती येऊन पाय धूत होती. तिने ऐकलं आणि ती तशीच ओल्या पायांनी उभी राहिली. रडली नाही. ते न रडणं मधुकरला बघवलं नाही, म्हणून तोच रडला.

दहाव्या दिवशी खाडीकाठी पिंड ठेवला. पुरुष सगळे जमले होते. बायका अर्थात घरी. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, पण एकही खाली उतरेना. माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. नंदूचा मामा पुढे झाला, "तुझ्या आवशीक सांभाळतलंव रे." कावळा हलला नाही. "धाकूक कामाक लावतलंव." नाही. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करू या म्हणाले, तशी पोरांची तोंडं उतरली. मग सायकलच्या दुकानाचा मालक भाऊ, अकरा नंबरवाल्यांचा म्होरक्या, मधुकरला ढोसून म्हणाला, "काका, तू घाडी ना? मग बोल की."

मधुकर पुढे झाला, हात जोडले आणि बोलला. तयारी नव्हती, विचार नव्हता. तोंड उघडलं आणि इतक्या वर्षांचं वळण कामाला लागलं.

"बा नंदू, तुझी अकरा नंबरची गाडी येत्या सीझनाच्या पयल्या शर्यतीत धावतली. आमच्यातलोच एक झील तेच्यार बसतलो. ह्यो घाड्याचो शबूद."

"व्हय म्हाराजा!" पोरं ओरडली, आणि त्या ओरडण्यालाही न बुजता एक कावळा उतरला आणि पिंडाला चोच लावून गेला.

मोठमोठी माणसं ढसाढसा रडली. भाऊने मधुकरच्या पायाला हात लावला. आणि खरं सांगायचं तर त्या दुःखातही मधुकरची छाती फुगली. मामा थकला, भटजी थकले तिथे आपण बोललो आणि मेलेल्याने ऐकलं! आपण काय बोलून बसलो हे मात्र त्याच्या डोक्यातही आलं नाही. 'आमच्यातलोच एक झील', आमच्यातलाच एक मुलगा, म्हणजे धाकू, हे तो धरूनच चालला होता. सगळ्यांनीच धरलं होतं.

पावसाळाभर भाऊच्या दुकानात येझदी उघडून पडलेली असायची. पोरं कामावरून सुटली की तिथे जमायची. कोणी चाकाच्या तारा ओढायचा, कोणी टाकीचा पोचा काढायचा, ज्याला काहीच येत नव्हतं तो चहा आणायचा. दर वर्षी त्यांना पहिल्या शर्यतीची ओढ असायचीच, पण या वर्षीची ओढ निराळी होती. ते जणू नंदू परत यायची वाट बघत होते. गणपतीच्या सुमाराला इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा भाऊ नाचला. "काका, झकास वाजतेय ना! नंदूच बोलतोय यार!"

धाकू एका कोपऱ्यात उभा असायचा. एकोणीस वर्षांचा, छापखान्यात कामाला, भावाच्या सावलीत वाढलेला पोर. शर्यतीला तो आधीही यायचा, पण उडी आली की डोळे मिटून घ्यायचा. आता रविवारी पोरं त्याला माळावर नेऊन सराव करवीत. परत आल्यावर तो गाडीकडे पाठ करून बसायचा, पुढ्यातला चहा तसाच निवायचा. मधुकरने ते बघितलं होतं. बघून दुसरीकडे बघितलं होतं. "भ्यालंस काय रे?" एकदा त्याने विचारलंच. "नाय काका," धाकू म्हणाला. "दादाक शब्द दिलोहा ना." तेवढ्यावर मधुकरचं समाधान झालं. व्हायला नको होतं.

डिसेंबर उजाडला. आग्रा रोडच्या भिंतींवर शर्यतीची पोस्टरं लागली. शर्यतीच्या आदल्या दिवशी मधुकर टपरीत बसून नवी पाटी रंगवत होता, पांढऱ्यावर लाल अकरा. पहिला एक काढून झाला, दुसऱ्याला ब्रश लावला, तोच समोर कोणीतरी उभं राहिलं. रुक्मिणी होती. टपरीवर ती कधीच आली नव्हती.

"बस गो वयनी," त्याने गडबडीने स्टूल पुढे केलं.

ती बसली नाही. "दहाव्या दिवसाक तू थंय काय बोललंस, ता माका सांग. जसाच्या तसा."

त्याने सांगितलं. ते शब्द त्याला पाठ होते. पोरांनी इतक्यांदा बोलून घेतले होते.

"आमच्यातलोच एक झील," ती सावकाश म्हणाली. "माझ्या धाकूचा नाव घेतलंस?"

"नाव नाय घेतलंय. पण..."

"मग तुझो चंदू आमच्यातलो न्हय? तो तर धाकूपेक्षा बरी चलवता. शबूद तू दिलंस. फाल्या गाडयेर चंदूक बसव."

"नाय!"

विचार करून आलेलं ते उत्तर नव्हतंच. चटका बसल्यावर हात मागे यावा तसं ते आलं, आणि एवढ्या मोठ्याने आलं की शेजारचा पंक्चरवाला वळून बघायला लागला.

रुक्मिणीला रागही आला नाही. "माका तुमी कोणी इचारूक नाय," ती म्हणाली. "तुमी सगळे पुरुष थंय. मी घरात बसलेलंय. एक झील दिलंय, तुमी दुसरो पण कबूल करून इल्यात." मग पदर सारखा केला आणि कामाला उशीर झालेल्या बाईसारखी भराभर निघून गेली.

मधुकरला आपली एवढी लाज कधी वाटली नव्हती. सात महिने तो दुसऱ्याच्या पोराच्या जिवावर मोठेपणा मिरवत होता, आणि स्वतःच्या पोराचं नाव निघताच एका शब्दात मागे सरला होता. पाटी अर्धीच ठेवून तो छापखान्याच्या दारात जाऊन उभा राहिला. धाकू बाहेर आला तसा त्याचा दंड धरून म्हणाला, "धाकू, उद्या बसू नको. मी सांगतंय. शब्द मी मागे घेतंय."

"असो मागे घेवक येता काय काका?" धाकू मागे हटेना. "कावळो शिवलो मा? मी बसलंय नाय तर दादा खंयतरी अडकून ऱ्हवतलो. तुमीच बोलल्यात." घाड्याचा शब्द मागे घेता येत नाही, हे त्यानेच तर या पोरांना थट्टामस्करीत इतकी वर्षं शिकवलं होतं. तो एक तर पाळता येतो, नाही तर मोडता येतो. भाऊला सांगून काही होणार नव्हतं. रात्रभर तो कूस बदलत राहिला. शेजारी चंदू गाढ झोपला होता.

सकाळी भाऊच्या दुकानापुढे ही गर्दी! येझदी पुसूनपासून रस्त्यावर उभी, हँडलला झेंडूची माळ. अकरा आकडा भाऊनेच कसाबसा पुरा केला होता. पोरांच्या अंगात नवे बनियन, छातीवर अकरा. माळावर न्यायला टेम्पो आला होता. धाकू नंदूचं हेल्मेट काखेत धरून उभा होता, ओठ पांढरे पडलेले. "चल काका," भाऊने मधुकरच्या हातात नारळ दिला. "घाल गाऱ्हाणं. असं घाल की वर ऐकू गेलं पाहिजे."

मधुकरने नारळ हातात घेतला. पोरं शांत झाली, 'व्हय म्हाराजा'साठी छात्या भरून उभी राहिली. त्याने नारळ खाली ठेवला. दुकानाच्या पायरीशी भाऊचा घण पडलेला होता, तो उचलला आणि कोणाला काही कळायच्या आत येझदीच्या इंजिनवर घातला. पहिल्या घावाला कवच तडकलं. मग तो घालतच राहिला, इंजिनवर, कार्बोरेटरवर, टाकीवर. पेट्रोल रस्त्यावर वाहिलं. ब्रश चालवणारा माणूस तो, घण चालवायची सवय नाही. एक घाव त्याच्या स्वतःच्या नडगीवर बसला, तरी थांबला नाही.

मग पोरं भानावर आली. भाऊने त्याला गळ्याला धरून खाली पाडलं. ज्यांना त्याने खांद्यावर बसवून शर्यती दाखवल्या होत्या, त्यांनी त्याला लाथा घातल्या. "हलकट! नंदूला फसवलंस! मेलेल्या माणसाला फसवलंस!" चंदू मध्ये पडला, त्यालाही मार बसला. मधुकरने हात वर केला नाही. धाकू हेल्मेट पोटाशी घेऊन रस्त्यातच बसला होता आणि लहान पोरासारखा हुंदके देत होता. सुटल्याचं रडू होतं की दादा दुसऱ्यांदा गेल्याचं, ते बहुधा त्यालाही सांगता आलं नसतं.

त्या दिवशी शर्यत झाली. नाहूरचं कोणी गेलं नाही.

संध्याकाळी मधुकर लंगडत रुक्मिणीच्या दारात गेला. ओठ फुटलेला, एक डोळा सुजलेला. आत धाकू भिंतीकडे तोंड करून निजला होता. रुक्मिणी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली, त्याची अवस्था बघितली आणि उठून तांब्याभर पाणी आणून दिलं. त्याला वाटलं, चला, एवढ्या मोठ्या जगात एका माणसाचं तरी आपण भलं केलं. तो उंबऱ्याशी बसून घटाघटा पाणी प्याला.

"बरा केलंस तू," रुक्मिणी म्हणाली. "माझो धाकू वाचलो. जल्मभर इसरूचंय नाय."

मधुकरने डोळे पुसले.

"पण माझ्या नंदूक दिल्लो शबूद तू मोडलंस," ती म्हणाली. आता तिचा आवाज फुटला, आणि सात महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तो आता खंय आसात, कोणाक ठावक. परत ह्या घराची पायरी चढा नको."

तिने त्याच्या हातातला रिकामा तांब्या घेतला आणि दार लावून घेतलं.