जुना आकडा

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगच्या राळेचा वास आला आणि मला ऐंशीच्या दशकातलं रत्नागिरीचं टेलिफोन एक्स्चेंज आठवलं. मी तिथे मेकॅनिक होतो. नंबरचा पहिला आकडा फोन कोणत्या भागात जायचा ते ठरवी, आणि भाट्याकडच्या भागाला आम्ही त्या दिवशी जुन्याच्या जागी नवा आकडा जोडत होतो. खिडकीतून खाडीचा खारा वारा येत होता. तेवढ्यात एक बाई दारात येऊन उभी राहिली. "भाऊ, आमचे हे बोटीवर हायत. शेजारच्या दुकानाचा जुनाच नंबर त्यांच्याजवळ हाय. मुंबईला उतरले की तोच फिरवतील." मी साहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "जुना आकडा काढू नका, दोन्ही ठेवा. कुठलाही फिरवला तरी त्याच दुकानात वाजू दे." हळूहळू लोकांना नव्याची सवय झाली आणि जुन्या आकड्याची यंत्रं गप्प पडली. एका दुपारी मात्र त्यातलं एक खडखडत उठलं, तेव्हा साहेब आणि मी हातातलं काम सोडून त्याच्याकडे बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी बाई आली, केसांत अबोलीची वेणी. "बोलले हो! आता काढलात तरी चालंल." साहेब म्हणाले, "राहू दे. आणखी कुणाचं माणूस बोटीवर असेल." इतक्यात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानदाराने माझा मोबाइल पुढे केला. "काका, हे जुनं सिम काढू? यावर कुणाचाच फोन येत नाही म्हणालात ना?" "असू दे रे," मी म्हटलं, "कुणीतरी बोटीवर असेल."