आधी मेन बंद

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मुंबईच्या उपनगरांत लिफ्टमध्ये अडकून सर्वात जास्त वेळा गुदमरलेला इसम हयात असून त्याची तब्येत उत्तम आहे. तो इसम मी. मला दर वेळी बाहेर काढणारा माझा मित्र मिलिंद तांबे मात्र गेल्या महिन्यात गेला. सकाळी चहा पिताना छातीत कळ आली आणि... त्याच्याच नंबरवरून फोन आला, म्हणून मी नेहमीच्या थाटात ओरडलो, "बोला दिग्दर्शक!" पलीकडे त्याची बायको, संगीतावहिनी होती. त्या क्षणी माझ्या आवाजाची मला पहिल्यांदा लाज वाटली. शेवटची नव्हे.

आम्ही दोघं घाटकोपरला लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत. तो मेकॅनिकांचा सुपरवायझर, मी फोनवर तक्रारी घेणारा आणि सुट्टीच्या दिवशी हौशी नट. छापील सूचना नवी पोरं वाचत नाहीत, म्हणून मिलिंदनं मोबाइलवर व्हिडिओ करायचं काढलं. बंद लिफ्टमधून माणूस कसा सोडवायचा? आधी मेन स्विच बंद करायचा, आतल्या माणसाला धीर द्यायचा, मग मशीनरूममध्ये ब्रेक सैल करून चाक हातानं फिरवत लिफ्ट मजल्याला आणायची. फोन तो आपल्या जेवणाच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि मागे उभा राहून बोलायचा. "तांब्या, तू पण ये की समोर," मी म्हणायचो. "तू असताना समोर जागा उरते कुठे?" तो म्हणायचा.

खरंच नव्हती उरत. 'चुकीची पद्धत' दाखवणारा बावळट मेकॅनिक मी, आणि डोक्यावर टॉवेल घेऊन आत अडकलेल्या आजीबाईही मीच. मेन चालू ठेवून मी दार उचकटायचो, आजीबाई होऊन किंचाळायचो, देवाचा धावा करायचो. 'बरोबर पद्धत' शेवटी येई, तोवर मीही दमलेला असे आणि बघणारेही. पोरं ते व्हिडिओ घरीसुद्धा दाखवायची. मी हवेत होतो.

मग मुलुंडच्या एका इमारतीत एका नव्या मेकॅनिकनं मेन चालू ठेवूनच दार उघडलं. आतल्या बाईंनी पाय बाहेर टाकायच्या आधीच लिफ्ट हलली... बाई मागे सरकल्या म्हणून वाचल्या. मिलिंदनं विचारलं तेव्हा तो निरागसपणे म्हणाला, "साहेब, व्हिडिओत असंच तर आहे ना!" मिलिंद त्याच्यावर ओरडला नाही. संध्याकाळी माझ्या टेबलापाशी आला. "अव्या, तू चूक इतकी झकास करतोस ना, की पोरं तीच शिकतायत. एकदा सरळ करू या. तू फक्त काम कर, बोलेन मी."

"मला मुका रोल? अपमान आहे हा यार!"

तो हसला. मग माझी तालीम निघाली, मग त्याची कामं निघाली... तो सरळ व्हिडिओ राहूनच गेला.

मिलिंद गेल्यावर झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर वहिनींनी मला बाजूला घेतलं. "भावजी, तुमच्याकडे ह्यांचा आवाज असेल ना? आमच्याकडे नुसते फोटो आहेत हो." मी छाती फुगवून म्हणालो, "वहिनी, खजिना आहे!" आणि रविवारी सगळे व्हिडिओ घेऊन त्यांच्या कांदिवलीच्या घरी हजर झालो. वहिनींनी ओट्यावरचा त्याचा डबा आणला, फोन त्याला टेकवला आणि आम्ही बसलो.

पहिल्या व्हिडिओला त्या हसल्या. दुसऱ्यात त्यांनी आवाज वाढवला, तर माझं किंचाळणंच वाढलं. तिसऱ्यात त्या फोनकडे कान करून वाकल्या. पडद्यामागून मिलिंद म्हणे, "हे बघा रे, आधी..." आणि त्यावर माझ्या आजीबाई, "वाचवा हो, मेले मेले!" प्रत्येक व्हिडिओत हेच. त्याच्या आवाजातलं एकही वाक्य मी धड शाबूत ठेवलं नव्हतं. मी भिंतीकडे बघत होतो, पंख्याकडे बघत होतो. फोन बंद करायला हात पुढे केला, तर वहिनींनी माझा हात न बघताच बाजूला सारला.

शेवटचा व्हिडिओ लागला. मिलिंद खाकरला. "हं, आता नीट ऐका रे पोरांनो, काही झालं तरी आधी..." टॉवेलातल्या माझ्या तोंडानं आ वासला. आणि मी शेजारीच बसलोय हे साफ विसरून वहिनी फोनवर बोट रोखून ओरडल्या,

"अहो भावजी, गप्प बसा ना जरा! त्यांना बोलू द्या!"