आमच्या घरपट्टीची शाळा

मार्च आला की बाबा सायकलदुरुस्तीचं दुकान दुपारी बंद करून नगरपालिकेत घरपट्टी भरायला जायचे. तिच्यात शिक्षण करही असायचा. परतताना ते मुद्दाम आमच्या नगरपालिकेच्या शाळेवरून यायचे आणि खिडकीतून विचारायचे, "नीट शिकवता ना, बाई? आत्ताच भरून आलो!" बाई हसायच्या आणि मी बाकावर ताठ बसायची. आमच्या घरात पहिली पदवी माझी. बाबांच्या लेखी ती त्या घरपट्टीवरच मिळालेली.

बाबा पहिल्यांदा आयर्लंडला, आमच्याकडे मेनूथला आले, तेव्हा आमच्या घराची किंमत सरकारला नव्याने कळवायची होती. इथे ती मालकाने स्वतःच ठरवायची असते, आणि त्यावर कर बसतो.

"आपणच सांगायची?" बाबा चकित झाले. "अन् लोकं खरं सांगतात?"

"बहुतेक सांगतात."

"मग वरचीच सांग, पोरी. नातीची शाळा चालते तिच्यावर."

आमच्या घराची किंमत कराच्या दोन टप्प्यांच्या सीमेवर येत होती. मलाही बाबांसारखंच वाटत होतं. मी वरचा टप्पा निवडला.

त्याच आठवड्यात मुलीच्या शाळेत दोन दिवसांचा केक सेल होता. वर्ग गरम ठेवायला लागणारं तेल संपत आलं होतं, ते भरायला पैसे हवे होते. बाबांनी शंकरपाळे तळले आणि टेबलामागे उभं राहून नातीला हुकूम सोडला, "तुझ्या मोठ्या बाईंना सांग, आम्ही जास्तीची घरपट्टी भरली म्हणून."

तिने इंग्रजीत सांगितलं. मुख्याध्यापिका मनापासून हसल्या. म्हणाल्या, तुमचे फार आभार, पण तो कर काउंटी कौन्सिलला, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेला जातो, रस्त्यांना, दिव्यांना, वाचनालयांना. काउंटी गरीब असेल तर सरकार भर घालतं. शाळेला मात्र डब्लिनच्या सरकारकडून मुलामागे पैसे येतात. "आणि ते पुरले नाहीत, की आम्ही केक विकतो!"

मी बाबांना मराठीत सांगितलं. घरी जाताना त्यांनी विचारलं,

"आपल्या गावातही असंच होतं का गं?"

कॉलेजात गेल्यावर मला ते कळलं होतं, पण मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. आता बोलले. आमच्या गावाची पट्टी फार थोडी जमायची. शिक्षण कर राज्य सरकारच्या तिजोरीत जायचा आणि बाईंचा पगार बहुतेक तिथूनच यायचा. त्या तिजोरीत मोठ्या शहरांचे पैसे जास्त.

"म्हणजे तुला कोणी भलत्यानंच शिकवलं."

"थोडं तुम्हीही, बाबा."

"खडूपुरतं," ते म्हणाले, आणि त्यांना हसू आलं. मग थांबून म्हणाले, "कोण होता, काही कळायचं नाही. त्याची पोरं तरी शिकली असतील ना?"

"टप्पा खाली आणू का?" मी विचारलं.

"कशाला? राहू दे वरचाच. त्यालाही कुठं माहीत होतं, आपण कोण ते."

पुढे पळणारी मुलगी शंकरपाळ्यांचा रिकामा डबा उलटा करून ओरडली, "आजोबा, ऑल गॉन!"

"उद्या परत तळू," बाबा म्हणाले. "तेल तर भरायचंच आहे."