शामूभाऊंचा दुसरा विचार

शामूभाऊंना काहीही विचारलं की ते आधी गप्प बसायचे. "मोटर कधी भेटन?" असा धंद्यातला प्रश्न असो, नाहीतर "जेवण झालं का?" असो. समोरच्याकडे शांतपणे बघत राहायचे, मनात चार आकडे मोजून होतील एवढा वेळ, आणि मग बोलायचे. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, याला कमी ऐकू येतं. तो बिचारा तेच पुन्हा ओरडून विचारायचा. मग शामूभाऊ हसायचे. "आयकलं बावा. पहिला विचार येऊन गेला, तो जुन्या शामूचा असते. दुसऱ्याची वाट पाहून राह्यलो."

बाभुळगावात बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. त्याला लागूनच त्यांचं मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत तांब्याची नवी तार भरून द्यायचं. विहिरीवरच्या, बोअरवरच्या मोटरी जळल्या की लोक त्यांच्याकडे आणायचे. आमच्यामध्ये एका विटेची भिंत, त्यामुळे त्यांच्या तोंडून निघालेला शब्द न् शब्द मी पंधरा वर्षं ऐकला. त्यातल्या पहिल्या दहा वर्षांतले शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

तेव्हाही ते ख्रिस्तीच होते, आजोबांपासूनचे. पूर्ण नाव शमुवेल. रविवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून चर्चमध्ये ढोलक वाजवायचे, आणि सोमवारी सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाच्या आईचा उद्धार करायचे. एकदा एका शेतकऱ्याने "मागच्या महिन्यातच तर भरली होती" एवढंच म्हटलं, तर त्याची मोटर उचलून यांनी नालीत टाकली. मी तोंडाची फटकळ आहे, पण त्यांच्यापुढे मीसुद्धा जपून बोलायची.

त्या काळात धाकटा भाऊ प्रमोद त्यांच्यासोबत काम करायचा. कामात हात फार साफ होता त्याचा. ऐन हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत दुकानातून तांब्याच्या तारेचं नवंकोरं बंडल गेलं. कोणी नेलं, कोणी पाहिलं नव्हतं. शामूभाऊंनी मात्र बाजाराच्या दिवशी, भरल्या रस्त्यात, प्रमोदची बायको अन् दोन लेकरं समोर उभी असताना त्याला चोर म्हटलं आणि कॉलर धरून दुकानाबाहेर काढलं. प्रमोद एक अक्षर बोलला नाही. आठ दिवसांत बिऱ्हाड घेऊन आर्णीला गेला आणि तिथे स्वतःचं दुकान टाकलं. थोरल्याने मग त्याचं नावही घेतलं नाही.

हे सगळं पालटलं ते चर्चच्या पंपामुळे. पाळकसाहेब तो पंप दुरुस्तीला घेऊन आले होते आणि स्टुलावर बसले होते. शामूभाऊंनी तो उघडला आणि भडकलेच. कोण्या दुसऱ्या कारागिराने आतली जळकी वायर तशीच ठेवून वरून हिरवा रंग मारून दिला होता. "रंगानं मोटर चालते का, साहेब? आतलं सारं काढून नवं भरा लागते!" पाळकसाहेब हळूच म्हणाले, "शमुवेल, तुझ्यावर तर तीन पिढ्यांचा रंग आहे." मी भिंतीला कान लावून बसले, म्हटलं आता साहेबांचं काही खरं नाही. पण शामूभाऊंनी निमूट पंप भरून दिला आणि पुढचे दोन दिवस शटर उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी आले ते थेट माझ्या दुकानात. म्हणाले, आर्णीला चाललो, पम्याला, प्रमोदला माफ करायला. यवतमाळला एसटी बदलून गेले आणि संध्याकाळी लालबुंद होऊन परत आले. यांनी भावाच्या दारात उभं राहून मोठ्या मनाने सांगितलं होतं की, जा, मी तुला माफ केलं. प्रमोदने हातातला हातोडा खाली ठेवला आणि यांना परतीची वाट दाखवली. त्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, "शामूभाऊ, चोरी कोणी पाह्यली? मंग माफी कायची देता? तुमच्या डोक्यात तो अजून चोरच हाये ना!"

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता माझं झेरॉक्स मशीनही नालीत जातं. पण ते माझ्याच खुर्चीत मटकन बसले आणि म्हणाले, "व्हय ताई. मन जुनंच हाये. फक्त तोंडानं माफ म्हटलं म्या."

तेव्हापासून ती गप्प बसायची सवय लागली. सकाळी अर्धं शटर खाली ओढून ते बायबल वाचायचे, एखादी ओळ पुटपुटत दिवसभर काम करायचे. सुटला राग लगेच, असं काही नाही. एकदा एका तांड्यावरच्या म्हाताऱ्याने मोटरच्या दोन वायरी उलटसुलट जोडल्या, पंप उलटा फिरला, पाणी येईना, तर तो बिचारा मोटर काढून घेऊन आला. शामूभाऊंनी त्याला जुन्या शैलीत शिव्यांनी झोडपलं. म्हातारा गेल्यावर तासभर नुसते बसून राहिले. मग स्कूटर काढली, तांड्यावर गेले, त्याची माफी मागितली आणि स्वतःच्या हाताने मोटर बसवून आले. मी चिडवलं, म्हटलं काय हो, वायंडिंग पुन्हा जळालं वाटतं? ते म्हणाले, "जळालं. पण आता वास लवकर येते."

आमच्या घरी आजोबांनी देव्हारा मोकळा करून बुद्ध स्वीकारला, त्यामुळे माणूस बदलतो हे मला कोणी शिकवायला नको. पण आजोबा सांगायचे, घरातले देव एका दिवसात निघाले, डोक्यातली भीती निघायला वर्षं गेली. हे मी शामूभाऊंना सांगितलं तेव्हा त्यांना इतकं पटलं की दर चार दिवसांनी ते मला आजोबांचं विचारायचे.

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रार्थना झाली की ते आर्णीला जायचे. आता माफी द्यायला नाही, मागायला. प्रमोद बोलायचा नाही. हे त्याच्या दुकानाबाहेरच्या बाकड्यावर तासभर बसायचे, "प्रमोद, मायं चुकलं" एवढं म्हणायचे आणि परत यायचे. उन्हातान्हात, गुडघे दुखत असताना, तीन वर्षं. मला त्या प्रमोदचा राग यायला लागला होता, आणि यांचाही.

एके सोमवारी ते आलूबोंड्यांचा पुडा घेऊन माझ्या दुकानात आले. डोळे सुजलेले होते. म्हणाले, "देली माफी प्रमोदनं." मी कसं, काय, सगळं विचारलं. ते "देली, बस" याच्यापुढे गेले नाहीत. मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे सुनावलंच, की निर्दोष माणसाला चोर ठरवलं, त्याच्या लेकरांना गाव सोडायला लावलं, तो मोठ्या मनाचा म्हणून माफ केलं. पुढे दोन वर्षं हा विषय निघाला की मी हेच ऐकवायची. बाजारातले लोकही तोंडावर म्हणायचे, सख्ख्या भावावर खोटा आळ घेतला यांनी. शामूभाऊ मान डोलवायचे. "व्हय, चूक मायीच होती."

गेल्या उन्हाळ्यात काम करता करताच त्यांच्या छातीत कळ आली आणि यवतमाळला पोचेपर्यंत सगळं संपलं. दफनाला अर्धा बाजार लोटला होता. पाळकसाहेबांची प्रार्थना झाल्यावर प्रमोद पुढे आला. बायको आणि मोठी झालेली दोन्ही लेकरं त्याच्या बाजूला उभी होती.

"तार म्याच नेली होती," तो म्हणाला. "दोन वर्षांआधी दादाले सांगतलं. म्हटलं, आता हा बजारात जाऊन सांगन, सांगू दे. दादा बराच वेळ बोललाच नाही. मंग म्हणे, तार नेली तर नेली. म्या तुले लेकरांसमोर चोर म्हणून हाकललं, त्याची माफी मले पाह्यजे. तेवढी दे."

दोन वर्षं मी त्यांना बोल लावले होते, आणि एका शब्दाने माझं तोंड बंद करणं त्यांच्या हातात होतं. माती द्यायची माझी पाळी आली. मूठ भरून घेतली आणि म्हटलं, शामूभाऊ, माफ करा मले. मूठ काही केल्या उघडेना, शेवटी प्रमोदनेच माझा हात धरून ती उघडली.