बाजाराच्या दिवशी एक

काहीही समोर आलं की ते आधी त्यावर वीत टेकवायचे. कासरा, दावं, म्होरकी या जनावरांच्या दोरांना वीत लावणं मी समजू शकते, तो त्यांचा धंदाच होता. पण औषध काढून होईपर्यंत ते माझ्या दुकानाचा काउंटरही मोजायचे आणि दर वेळी तेवढ्याच गंभीरपणे सांगायचे, "साडेअकरा ईत. बराबर हाय." मधल्या आठवड्यात काउंटर आखडला असेल अशी त्यांना खरोखरच शंका असावी.

भोरच्या बाजारात तुम्ही कधी आला असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असणार. माझ्या मेडिकलच्या पायरीला लागून त्यांचं पोतं अंथरलेलं असायचं, त्यावर दोरांची भेंडोळी. लोक त्यांना दोरवाले बाबा म्हणायचे, मी नुसतं बाबा. राहायला पालीला, राजगडाच्या पायथ्याशी. घरची भातशेती मुलगा आणि सून बघायचे. हे आपले दोरांचं गाठोडं घेऊन एसटीनं बाजार करत हिंडायचे. गिऱ्हाइकानं दोर हलकासा ओढून पाहिला की म्हणायचे, "जोरानं वढा. म्हशीला काय दया यायची न्हाई." एवढीच त्यांची जाहिरात.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना गोळ्या समजावून सांगण्यात माझा हातखंडा होता. सकाळची स्वारगेट गाडी गेली की पांढरी. धार काढून झाली की गुलाबी. लोक हसायचे, पण चुकायचे नाहीत. हे कॉलेजात शिकवत नाहीत, असं मी चारचौघांत सांगायचे. आता सांगत नाही.

बाबांचे गुडघे आणि कंबर धरली तेव्हा इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं. आठवड्याला एक कॅप्सूल, आठ आठवडे, मग पुन्हा दाखवायला या, अशी चिठ्ठी घेऊन ते माझ्याकडे आले. हे जीवनसत्त्व उन्हातून मिळतं, असं मी सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा कीव येऊन पाहिलं. "मंग दुपारचं माज्या पोत्यावर येऊन बसा की. फुकाट हाय."

ती कॅप्सूल जोराची असते. आठवड्याभराचं सगळं एकाच कॅप्सूलमध्ये असतं, म्हणून रोज घ्यायची नसते. हे एवढं सगळं त्यांना कशाला सांगा, म्हणून मी माझ्या पद्धतीनं सांगितलं, "बाबा, बाजाराच्या दिवशी एक. दुधाबरोबर."

"बाजाराच्या दिशी एक," ते म्हणाले. "सोपं हाय."

मलाही सोपंच वाटलं. मी भोरची, माझ्या आठवड्यात बाजार एकच.

त्यांना गुण आला. गुडघा वाकायला लागला आणि त्याचं श्रेय डॉक्टरांना न देता ते मला द्यायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला पायरीकडे बोट दाखवून. आठ आठवडे झाले, पण पुन्हा दाखवायला ते गेले नाहीत. गुण आलाय तर सोडायची कशाला, म्हणाले आणि रिकामं पाकीट काउंटरवर ठेवलं. मी नवीन दिलं. पुढच्या महिन्यात पुन्हा दिलं. चिठ्ठी मागायला हवी होती, मागितली नाही. ताकदीचीच तर गोळी, तिनं काय होतंय, असं मला वाटलं. औषधाच्या दुकानात बसून मला असं वाटलं.

सहा-सात महिन्यांनी त्यांना तहान फार लागायला लागली. एका बाजारात तीन-तीनदा बाटली भरून न्यायचे. पोट साफ होत नाही म्हणाले, मी इसबगोल दिलं. भाकरीचं फडकं न सोडताच परत नेताना दिसायचे. एकदा एक शेतकरी म्होरकी परत घेऊन आला, वासराच्या तोंडाला ती बसतच नव्हती. बाबांनी दुसरी करून दिली, तीही चुकली. त्यांचं माप चुकलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. वय झालं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

मग दोन बाजार पोतं अंथरलंच गेलं नाही. तिसऱ्या बाजारी त्यांची सून आली, हातात कॅरीबॅग. बाबांना पुण्याला हलवलं होतं. ओकाऱ्या थांबेनात, माणसं ओळखेनात. रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलंय आणि त्यानं किडन्या गेल्यात, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरात जे काही औषध घेतात ते सगळं आणा म्हणाले, म्हणून तिनं बाबांची पिशवी झटकली होती. तिनं कॅरीबॅग काउंटरवर ओतली. सगळी त्या कॅप्सूलची रिकामी पाकिटं. काही माझ्याकडची, बरीचशी दुसऱ्या गावांतली. कुठल्याही दुकानात रिकामं पाकीट दाखवलं की भरलेलं मिळतं, हे मला कुणी सांगायला नको.

"शुद्धीवर आले की येकच बोलत्यात," ती म्हणाली. "ताईंनी सांगितलं तसंच घेतलंय, येक बी बाजार चुकीवला न्हाई."

भोर, नसरापूर, वेल्हे आणि मधली दोन गावं. आठवड्याला पाच बाजार. मला हे माहीत होतं. काल कुठला बाजार केला ते बाबा दर वेळी मला सांगायचे.

त्या क्षणी मला काहीच वाटलं नाही. मी कागद घेतला, आठवड्याला पाच कॅप्सूल, आठ महिने, असं लिहिलं आणि हे डॉक्टरांना दाखव म्हणून तिच्या हातात दिलं. मागचा माणूस खोकल्याचं औषध मागत होता, त्याला ते दिलं. किती वेळा आणि कधी घ्यायचं ते नीट सांगितलं. आता मी प्रत्येकाला वार सांगते, उलट म्हणून घेते आणि घरच्या माणसाला फोनही लावते. पण त्यानंही मला अजून काही वाटत नाही.

पुण्याहून त्यांना घरी आणलं तेव्हा घरी का आणलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी पालीला गेले. ओसरीवर खाटेवर होते, अंग सुजलेलं, पण त्या दिवशी माणसं ओळखत होते. मी म्हटलं, "बाबा, माझं चुकलं. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची होती."

चिडले नाहीत. एखाद्या मापाचा हिशेब लागत नसल्यासारखे बघत होते.

"मंग यातला कुटला बाजार धरायचा व्हता म्या?"

"भोरचा."

"आत्ता," ते म्हणाले, "त्यो तर सगळ्यात सोपा व्हता. तुमी म्होरंच असायच्या. तुमच्या देखत घेतली असती की."

सुनेनं चहा आणला. मी तो सगळा प्यायले आणि एसटीनं परत आले. तीन दिवसांनी ते गेले. त्या दिवशी भोरचा बाजार होता, आणि पायरीशेजारी एक प्लॅस्टिकच्या बादल्यांवाला येऊन बसला होता. इथं बसलं तर चालेल का, असं त्यानं मला विचारलं. मी हो म्हणाले.